युंग समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात गंडापासून करा

शिरोळ तालुक्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या, मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: युंगच्या विश्लेषणात्मक मानसशास्त्रावर बरेच व्हिडिओ पाहिले. छाया, मुखवटा, अ‍ॅनिमा, आदिबंध, सामूहिक अबोध हे शब्द पाठ झाले, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. परीक्षेपुरतं नको, नीट समजून घ्यायचं आहे. एका ऑनलाइन चाचणीत माझा ‘टाइप’ चार अक्षरांत आला, त्याचा युंगशी काय संबंध? आणि पुराचं एक स्वप्न वरचेवर पडतं, त्याचा अर्थ या शास्त्रात मिळेल का?

तुमचा गोंधळ साहजिक आहे. युंग आजकाल आधी कळस आणि मग पाया असाच शिकवला जातो. सुरुवातच आदिबंध, सामूहिक अबोध, पुराणकथा अशा भव्य गोष्टींनी होते. ऐकणारा भारावतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही. मी कोल्हापुरात बरीच वर्षं मानसोपचाराचं काम करतो. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आहे, झुरिकला जाऊन तयार झालेला युंगियन विश्लेषक नाही. पण युंगच्या कल्पना रोजच्या कामात वापरतो, आणि विद्यार्थ्यांना एकच गोष्ट परत परत सांगतो: गंडापासून सुरुवात करा. गंड म्हणजे कॉम्प्लेक्स. ही कल्पना नीट कळली, तर बाकीच्या सगळ्या तिच्यातून एकेक करून उलगडतात. ती चुकली, तर पुढचं सगळं हवेत राहतं.

युंगने सुरुवातही तिथूनच केली होती. कार्ल गुस्ताव युंग १८७५ चा, स्वित्झर्लंडमधल्या केसविलचा, एका पाद्रीचा मुलगा. डॉक्टर झाल्यावर डिसेंबर १९०० मध्ये तो झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथले प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर, ज्यांनी पुढे ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला. तिथे युंगने शब्दसाहचर्याची चाचणी हाती घेतली. शंभर शब्दांची यादी असायची. डोकं, हिरवा, पाणी, गाणं, मृत्यू अशी साध्या शब्दांनी तिची सुरुवात व्हायची. एकेक शब्द उच्चारायचा, ऐकणाऱ्याने मनात येईल तो पहिला शब्द लगेच सांगायचा आणि किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. नंतर तीच यादी पुन्हा घ्यायची आणि आधी काय उत्तर दिलं होतं ते आठवायला सांगायचं.

बहुतेक शब्दांना उत्तर चटकन येतं. पण मधेच एखाद्या साध्या दिसणाऱ्या शब्दावर माणूस अडतो. वेळ लागतो, तो शब्द परत विचारतो, हसतो, अडखळतो, भलतंच काही बोलतो, आणि दुसऱ्या फेरीत नेमकं तेच उत्तर विसरलेला असतो. असे अडलेले शब्द एकत्र मांडले की त्यांच्या मागे एक समान विषय दिसू लागतो: एखादं नातं, एखादा अपमान, एखादी भीती. भावनेने एकत्र बांधलेल्या आठवणी, कल्पना आणि शारीरिक प्रतिक्रिया यांचा हा जो गठ्ठा, त्याला युंगने गंड म्हटलं. हा गठ्ठा माणसाच्या इच्छेला विचारत नाही, परस्पर कामाला लागतो. त्याने पुढे त्वचेच्या विद्युतवाहकतेतले बदल मोजणारं यंत्रही वापरलं. १९०९ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याबरोबर अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात गेला, तेव्हा त्याने याच पद्धतीवर व्याख्यानं दिली. युंग पुढे कितीही गूढ भासला, तरी त्याची पहिली शिदोरी ही मोजमापाची होती. तुमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली ही चाचणी एकदा स्वतःवर करून घ्या. दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

आपल्याकडे ‘न्यूनगंड’ इतका रुळला आहे की गंड म्हणजे कमीपणाची भावना असंच लोक समजतात. ती आल्फ्रेड अ‍ॅडलरची देणगी. युंगचा गंड त्याहून रुंद आहे. पितृगंड, मातृगंड, पैशाचा गंड, अधिकाराचा गंड, काहीही असू शकतं, आणि तो असणं हा आजार नव्हे. प्रत्येकाला असतात. युंगचं म्हणणं असं की आपल्याला गंड असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपण गंडांच्या ताब्यात जाऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील त्यात मिसळले आहेत. उद्यमनगरात वडिलांनी उभं केलेलं मशीनशॉप चालवणारे चाळिशीतले एक गृहस्थ. हिशोबाला पक्के, कामगारांशी चांगले, बाजारात नाव. तक्रार एकच: ठरावीक गिऱ्हाईकासमोर बसलं की परवडत नसलेला रेट कबूल करून मोकळे होतात आणि मग आठवडाभर झोप लागत नाही. बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की गिऱ्हाईक दरावर घासाघीस करत असेपर्यंत ते ठाम असतात. ‘तुमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य आलं की घसा कोरडा पडतो, हात गार होतात आणि तोंडातून ‘बरं, करून देतो’ निघून जातं. त्या क्षणी चाळिशीतला कारखानदार खुर्चीत नसतो. तिथे असतो वडिलांपुढे गुणपत्रिका घेऊन उभा राहिलेला मुलगा. हा पितृगंड. तो समजल्याने नाहीसा झाला नाही. पण घसा कोरडा पडला की ‘उद्या कळवतो’ एवढं म्हणायचं, इतकं त्यांना जमायला लागलं. सुरुवातीला एवढा फरकही मोठा असतो. गंडाची चाहूल विचारांच्या आधी शरीरात लागते, हे लक्षात ठेवा.

आता बाकीच्या कल्पना याच्याभोवती रचू. ‘मी’ असं ज्याला म्हणतो, तो अहं म्हणजेच ईगो, युंगच्या लेखी तोही एक गंडच आहे, फक्त जाणिवेच्या मध्यभागी बसलेला. त्याला न पटलेले, त्याने विसरलेले, दाबलेले किंवा कधी नीट लक्षातच न आलेले गंड मिळून होतं व्यक्तिगत अबोध. अबोध म्हणजे मनाचा जाणिवेबाहेरचा भाग. इथपर्यंत फ्रॉइड आणि युंग बरेच जवळ आहेत. मार्च १९०७ मध्ये व्हिएन्नात ते पहिल्यांदा भेटले आणि तेरा तास बोलत बसले, ते यामुळेच. अबोधाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या सगळ्या विचारपरंपरेला मिळून डेप्थ सायकॉलॉजी म्हणतात. दोघांचा दुरावा आला तो मनाची ऊर्जा म्हणजे लिबिडो मुळात लैंगिक मानायची की व्यापक, आणि अबोधात फक्त दडपलेलंच असतं की त्याहून अधिक काही असतं, या प्रश्नांवर. १९१३ च्या सुरुवातीला मैत्री तुटली आणि युंगने आपल्या मार्गाला विश्लेषणात्मक मानसशास्त्र हे वेगळं नाव दिलं.

मुखवटा म्हणजे पर्सोना. यावर फार थांबत नाही. समाजात वावरायला सर, डॉक्टर, सूनबाई, पैलवान अशी एक भूमिका लागते. ती असणं वाईट नाही, तिच्याशिवाय चालतही नाही. अडचण येते ती भूमिकेखेरीज काही उरलंच नाही तर. तालमीत आयुष्य घालवलेला, गुडघा गेल्यामुळे मैदान सुटलेला पैलवान ‘आता मी कोण?’ असं विचारतो तेव्हा ते नुसतं नैराश्य नसतं. मुखवटा गळून पडल्यावर खालचा चेहराच ओळखीचा नाही, अशी ती अवस्था असते. निवृत्त मुख्याध्यापकांमध्ये आणि मुलं परदेशी गेलेल्या आयांमध्येही ती दिसते.

छायेवर मात्र थांबायला हवं, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘मी असा नाही’ असं म्हणून आपण जे जे बाहेर काढलं, ते ते छायेत जमा होतं. लोभ, मत्सर, संताप तर असतातच, पण चांगल्या गोष्टीही असतात. ‘मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही’ हे लहानपणापासून ऐकलेल्या बाईच्या छायेत तिचं नेतृत्व पडलेलं असतं. ‘आपल्या घराण्यात कुणी नाचगाणं केलं नाही’ हे ऐकलेल्या मुलाच्या छायेत त्याचा सूर असतो.

छाया सहसा थेट दिसत नाही. ती समोरच्याच्या अंगावर दिसते. यालाच प्रक्षेपण म्हणतात. आपल्या पेठांमधल्या फुटबॉलची ईर्ष्या आठवा. मैदानावरची ईर्ष्या हा या शहराचा प्राण आहे आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण सामना संपल्यावरही जेव्हा ‘ते लोकच तसले, खुनशी, रडीचे’ असं सगळ्या पेठेबद्दल बोललं जातं, तेव्हा आपल्यातला खुनशीपणा आपण नदीपलीकडे सोडून आलोय अशी समजूत आत पक्की झालेली असते. समोरचाही आपल्याबद्दल शब्दशः तेच बोलत असतो. ऑफिसात, भाऊबंदकीत, जावाजावांत हेच चालतं.

प्रक्षेपण ओळखायची खूण म्हणजे प्रतिक्रियेचं प्रमाण. सहकारी पुढे पुढे करतो, ठीक आहे. पण त्याचं नाव निघालं तरी डोक्यात तिडीक जाते, घरी जेवतानाही तोच विषय, रात्री मनात त्याच्याशी वाद, असं असेल तर तुमचं काहीतरी तिथे अडकलं आहे. याचा अर्थ समोरचा निर्दोष असतो असा नव्हे. प्रक्षेपणाला बहुधा थोडा खरा आधार असतोच. म्हणून ‘तुला त्रास होतो म्हणजे ती तुझीच छाया’ हे वाक्य छळ सोसणाऱ्याच्या तोंडावर कुणी फेकू लागला, तर त्याला थांबवा. छळाला छळच म्हणायचं. आणि व्हिडिओंमध्ये चालतं तसं ‘शॅडो वर्क’ म्हणून वहीत प्रश्नांची उत्तरं लिहीत बसण्याचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. छाया भांडणात भेटते, असूयेत भेटते, कुणाबद्दल वाटणाऱ्या अतोनात आदरातसुद्धा भेटते. ती भेटेल तेव्हा तिथेच काम करायचं.

इथे आपल्या गावाची कथा मला नेहमी आठवते. अंबाबाईने कोल्हासुराचा वध केला, मरताना त्याने वर मागितला की या नगराला माझं नाव राहावं, आणि देवीने तो दिला. ललितापंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि त्या वधाची आठवण म्हणून कोहळा फोडला जातो. हे वाचन युंगचं नाही, माझं आहे, आणि श्रद्धेच्या जागी ते ठेवावं असं मी म्हणत नाही. पण छायेचा इतका नेमका दाखला मला दुसरीकडे सापडलेला नाही. असुर हरतो, तरी पुसला जात नाही. त्याला नाव मिळतं, जागा मिळते आणि वर्षातून एकदा सगळं गाव मिळून त्याची आठवण काढतं.

यातूनच आदिबंधाकडे जाता येतं. वेगवेगळ्या माणसांचे गंड तपासताना युंगच्या लक्षात आलं की त्यांचा बाहेरचा भाग ज्याच्या त्याच्या आयुष्यातला असतो, पण गाभ्यात तीच तीच रूपं येतात: आई, बाप, मूल, वीर, कपटी पाहुणा, शहाणा म्हातारा. उद्यमनगरच्या त्या गृहस्थांच्या पितृगंडात त्यांचे स्वतःचे वडील आहेतच, पण त्यांच्या मागे ‘बाप’ नावाची काहीतरी त्याहून मोठी आकृतीही उभी आहे. नाहीतर वारलेल्या, म्हातारपणी मवाळ झालेल्या माणसाची इतकी दहशत राहती ना. अनुभवाला असं ठरावीक वळण देणारी जी जन्मजात प्रवृत्ती, ती आदिबंध. माणसांत समान असलेल्या या थराला युंगने सामूहिक अबोध म्हटलं. लोक चुकतात ते इथे: आदिबंध म्हणजे डोक्यात साठवलेली चित्रं नव्हेत. युंग स्वतः स्फटिकाची उपमा देतो. द्रावणात स्फटिक दिसत नाही, पण तो धरायला लागला की कोणत्या आकारात धरणार हे आधीच ठरलेलं असतं. चित्र भरतं ते आपल्या घरातून, गावातून, भाषेतून.

म्हणून आईचा आदिबंध समजायला ग्रीक देवता पाठ करायची काही गरज नाही. अंबाबाईची ओटी भरायला आलेल्या बायका पाहा आणि त्याच बायका घरी देवीच्या कोपाबद्दल कोणत्या आवाजात बोलतात ते ऐका. पोसणारी आणि गिळणारी, दोन्ही आईच. युंगने मातेच्या आदिबंधावर लिहिताना काली हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण ही दोन्ही रूपं एकाच मूर्तीत ठेवण्याचं धाडस भारतीय परंपरेने केलं आहे. आई म्हणजे फक्त त्याग आणि माया असं ज्या घरात मानलं जातं, तिथे आईवरचा राग कुठे जातो? माझ्याकडे येणाऱ्या किती तरी पाठदुख्या आणि डोकेदुख्या त्या प्रश्नाशी येऊन थांबतात.

‘वारं येणं’ यावरही विद्यार्थी विचारतात. युंगचा १९०२ चा डॉक्टरेटचा प्रबंध अशाच विषयावर होता. त्याच्या मामेबहिणीच्या अंगात मृतांचे आत्मे येतात असं घरचे मानत, तिच्या बैठकांचा त्याने अभ्यास केला. त्या वेगळ्या आवाजांत त्याला मनाचे तुटून स्वतंत्र झालेले भाग दिसले. गंडाची कल्पना तिथेच रुजत होती. वारं येणाऱ्या बाईला मी खोटारडी म्हणत नाही आणि तिच्या अंगात बाहेरचं काही शिरलं असंही मानत नाही. एरवी ज्याला घरात बोलायची मुभा नाही असं काही तिच्या तोंडून बोलतंय का, हे ऐकतो. त्याचबरोबर फिट्स किंवा तीव्र मानसिक आजार नाही ना, याची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडून आधी करून घेतो. हा क्रम चुकवायचा नाही.

अ‍ॅनिमा आणि अ‍ॅनिमस: पुरुषाच्या अबोधातली स्त्रीप्रतिमा आणि स्त्रीच्या अबोधातली पुरुषप्रतिमा. पहिल्या नजरेत जडलेलं, समोरच्याची काडीची माहिती नसताना जन्मजन्मांतरीचं वाटणारं प्रेम समजायला ही कल्पना उपयोगी आहे, कारण तिथे आपण बहुधा आतल्याच प्रतिमेच्या प्रेमात असतो. पण ‘विचार पुरुषाचा, भावना बाईची’ असं जे युंग गृहीत धरतो ते त्याच्या काळाचं आहे. नंतरच्या बऱ्याच युंगियनांनीही ते सोडून दिलं. परीक्षेत व्याख्या लिहा, आयुष्यात जपून वापरा.

आता तुमचं स्वप्न. तुम्ही लिहिलंय: गच्चीवर उभा आहे, खाली पाणी चढतंय, गोठ्यात म्हैस बांधलेली राहिली आहे आणि तिचं दावं सुटत नाही. बाजारातल्या स्वप्नशास्त्राच्या पुस्तिकेत पाणी म्हणजे अमुक, म्हैस म्हणजे तमुक असं मिळेल. ‘पाणी म्हणजे अबोध’ हे युंगच्या नावावर खपणारं सूत्रही त्याच पंक्तीतलं. युंगची पद्धत वेगळी आहे. आधी स्वप्न पाहणाऱ्याचं आयुष्य विचारायचं. शिरोळ तालुक्यातल्या माणसाच्या स्वप्नातला पूर आणि राजस्थानातल्या माणसाच्या स्वप्नातला पूर एक नाही. राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ज्याला पाठ आहे, २०१९ चा ऑगस्ट ज्याने पाहिला आहे, त्याला पाणी हे आधी पाणीच असतं.

म्हणून पहिला प्रश्न: हे असंच घडलं होतं का? घडलं असेल, आणि स्वप्न तेच दृश्य जसंच्या तसं परत दाखवत असेल, तर त्यात प्रतीक शोधू नका. युद्धातल्या आघातानंतर पडणारी अशी स्वप्नं नुसती पुनरावृत्ती करतात आणि अर्थ लावल्याने ती थांबत नाहीत, हे युंगनेही नोंदवलं आहे. त्यासाठी आघातावरचे वेगळे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. पण तुमच्या घरी तेव्हा म्हैस नव्हतीच, किंवा जनावरं आधीच वर नेली होती, असं असेल, तर स्वप्नाने काहीतरी नवं रचलं आहे. मग विचारायचं: म्हशीशी तुमचं काय नातं? तिचं दूध कोण काढायचं? घर सोडून कोल्हापुरात आलात तेव्हा मागे काय बांधलेलं राहिलं? तुम्ही गच्चीवर सुरक्षित आहात, मग खाली कोण आहे? उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. तुम्हाला न भेटता अर्थ सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

युंगच्या मते बरीचशी स्वप्नं जाणिवेतला एकांगीपणा भरून काढतात. त्याला तो भरपाई म्हणतो. याचा सुरेख दाखला त्याच्या स्वतःच्या भारतभेटीत आहे. इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरकारी निमंत्रणावरून तो १९३७ च्या अखेरीस इथे आला. सांची पाहिली, कोणार्क पाहिलं, कोलकात्यात हगवणीने आजारी पडून रुग्णालयात राहिला. भारताने तो पुरता भारून गेला होता. बरा झाल्यावर स्वप्न पडलं ते मात्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका बेटाचं: ख्रिस्ती दंतकथांमधलं पवित्र पात्र, होली ग्रेल, आणायचं आहे, सोबती थकून झोपले आहेत, आणि मधलं पाणी त्याला एकट्याला पोहून जायचं आहे. त्याने अर्थ लावला की, तू भारतात काय शोधतोस, तुझ्या लोकांना लागणारं औषध तुझ्याच परंपरेत शोध, असं स्वप्न बजावतंय. दिवसा मन पूर्वेकडे ओढलं गेलं होतं, रात्रीने ते पश्चिमेकडे ओढलं. ही भरपाई. आणि स्वप्नातल्या त्या भांड्याला ग्रेलच्या कथांची जोड देऊन अर्थ विस्तारला, ते अ‍ॅम्प्लिफिकेशन. त्याने आपल्या मातीतल्या कथा घेतल्या, तसं आपणही आपल्या घ्याव्यात. ग्रेल माहीत नसलेल्या मुलीच्या स्वप्नात घागर आली तर तिथे ग्रेल आणू नका. घटस्थापनेचा घट विचारा, आजीच्या घरचं पाणी विचारा.

स्वप्नांची वही ठेवा. तारीख, स्वप्न, जाग येतानाची भावना आणि आदल्या दिवशी काय घडलं, एवढंच लिहा. अर्थ लिहू नका. एका स्वप्नापेक्षा मालिका जास्त सांगते.

तुमच्या चार अक्षरांबद्दल थोडक्यात. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे भेद युंगने १९२१ च्या ग्रंथात मांडले, सोबत विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रेरणा ही चार कार्यं. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी अमेरिकेत चाचणी तयार केली. ऑनलाइन मिळतात त्या तिच्या नकला. काही आठवड्यांनी परत दिली की पुष्कळांची अक्षरं बदलतात. युंगला माणसांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या नव्हत्या. त्याला रस होता तो मागे पडलेल्या कार्यात. तुम्ही विचाराने चालणारे असाल तर तुमची भावना कच्ची, लहान मुलासारखी राहून गेली असणार आणि त्रास तिथून होणार. चाचणीतून तुमचं बलस्थान कळलं असेल, तर त्याच्या विरुद्ध टोकाला काय राहून गेलंय ते बघा.

शेवटी आत्मतत्त्व, म्हणजे सेल्फ, आणि त्याकडे जाणारी इंडिव्हिज्युएशनची प्रक्रिया. अहं हा जाणिवेचा मध्य, आत्मतत्त्व हे जाणीव आणि अबोध मिळून होणाऱ्या संपूर्ण मनाचं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युंग शातो-दे येथे ब्रिटिश युद्धबंद्यांच्या छावणीचा प्रमुख होता. तिथे तो रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार चित्र काढायचा. त्यांतून मनाला मध्य आहे ही कल्पना त्याला सुचत गेली, मंडल हे नाव त्याला नंतर आपल्याकडून मिळालं. गंड ओळखीचे झाले, छाया थोडी आपली मानली, मुखवटा सैल झाला, की माणूस हळूहळू जो मुळात आहे तो होत जातो. हे काम बहुधा आयुष्याच्या उत्तरार्धातलं. बावीस-तेविसाव्या वर्षी आधी अहं मजबूत व्हायला हवा: शिक्षण, नोकरी, स्वतःची मतं, घरच्यांना प्रसंगी नाही म्हणता येणं.

इथे आपल्याकडे एक घाई हमखास होते. आत्मतत्त्व म्हटलं की ‘हे तर आमच्या उपनिषदांत आहेच’ म्हणून विषय मिटवला जातो. युंगने उपनिषदांचं ऋण मान्य केलं आहे, पण तो मोक्षाबद्दल बोलत नाही. त्याच्या वाटेवर अहं विरून जात नाही, तो टिकतो आणि जबाबदारी घेतो. दोन्ही परंपरांचा मान राखायचा तर त्या एकमेकींत कालवू नयेत.

या शास्त्राच्या मर्यादाही तुम्हाला माहीत हव्यात. साहचर्य चाचणीला मोजमापाचा आधार आहे, सामूहिक अबोधाला तसा नाही. जगभर सारख्या कथा सापडतात याची कारणं स्थलांतर, व्यापार आणि माणसाचं सारखं शरीर अशीही असू शकतात. आणखी गंभीर गोष्ट: १९३३ मध्ये युंग जर्मनीत केंद्र असलेल्या मानसोपचार संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९३४ मध्ये त्याने ज्यू आणि आर्य अबोधात फरक असल्याचं लिहिलं, तेही हिटलर सत्तेवर असताना. त्याच्या बाजूने काहीही सांगितलं गेलं तरी ते लेखन घातक होतं. सामूहिक अबोध एखाद्या वंशाला किंवा जातीला चिकटवला की शास्त्र संपतं आणि द्वेष सुरू होतो. शाहू महाराजांच्या गावात शिकणाऱ्याने ‘अमक्या जातीचं मनच तसं’ हे वाक्य कोणत्याही शास्त्राच्या वेषात आलं तरी ओळखलं पाहिजे.

हे सगळं एकट्याने करायचं नसतं, अशाही वेळा येतात. झोप पूर्ण उडाली, कानात आवाज येऊ लागले, जगू नये असं वाटू लागलं, तर स्वप्नांची वही बंद करा आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाता येतं, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पुराचं स्वप्न झोप मोडत असेल तर तुम्हीही थांबू नका.

वाचायचं कुठून? युंगने १९६१ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी सामान्य वाचकांसाठी लिहिलेला दीर्घ निबंध ‘मॅन अँड हिज सिम्बल्स’ या १९६४ च्या पुस्तकात आहे, तो आधी घ्या. मग १९३४ चा गंडांच्या सिद्धांताचा आढावा घेणारा लेख, तो छोटा आहे आणि तुमच्या विषयाचा गाभा आहे. त्यानंतर १९२१ च्या ग्रंथातलं प्रकारांच्या वर्णनाचं प्रकरण. ‘मेमरीज, ड्रीम्स, रिफ्लेक्शन्स’ हे युंगच्या आठवणींचं पुस्तक वाचताना त्याचा बराच भाग अनिएला याफे यांनी मुलाखतींवरून जुळवलेला आहे हे ध्यानात ठेवा. २००९ मध्ये छापलं गेलेलं ‘रेड बुक’ चित्रांसाठी चाळायला हरकत नाही, पण ते युंगने स्वतःच्या अबोधाशी केलेलं खासगी काम आहे. आधीचं हे सगळं वाचून झाल्याशिवाय त्यातलं फारसं हाती लागणार नाही.